व्हिला ह्यूगेल: पोलादाच्या कारखानदाराने टेकडीवर बांधलेलं घर

जर्मनीतल्या कुठल्याही जुन्या औद्योगिक शहरात एकोणिसाव्या शतकातल्या पाचपन्नास व्हिला सहज सापडतात. १८७१ मध्ये जर्मनीचं एकीकरण झालं, हरलेल्या फ्रान्सकडून ५०० कोटी फ्रँकची खंडणी आली, कंपन्या आणि बँका धडाधड निघाल्या आणि नव्याने पैसा आलेल्या मंडळींनी शहराच्या धुरापासून लांब, बागेच्या मधोमध घरं बांधायला घेतली. कुणी इटालियन धर्तीचे मनोरे उठवले, कुणी किल्ल्यासारखे बुरूज, कुणी ग्रीक देवळासारखे खांब. यातल्या बऱ्याच वास्तू आज संरक्षित यादीत आहेत. त्यांच्यावर लिहिताना सहसा शैलीची चर्चा होते: कमान कुठल्या काळातली, खिडकीवरचा त्रिकोण कुठून उचललेला, नक्षी कुणाची.

एसेन शहरातल्या व्हिला ह्यूगेलबद्दल असं लिहायला गेलं तर पानभर मजकुरातच विषय संपतो. बाहेरून हे घर साधंच आहे. करड्या-पिवळसर दगडाचं, उंच खिडक्यांच्या सरळ रांगा असलेलं, नवअभिजात वळणाचं आणि जवळपास सरकारी कचेरीसारखं दिसणारं. त्या काळच्या हौशी व्हिलांशेजारी ते फिकं वाटेल. तरीही जर्मन उद्योगाचा इतिहास कळण्यासाठी एकच घर पाहायचं असेल तर मी हेच सुचवेन. कारण हे घर आल्फ्रेड क्रुप या पोलादाच्या कारखानदाराने राहायला बांधलं असलं, तरी बांधताना त्याच्या डोक्यात कारखानाच होता. घराच्या भिंती, हवा, पाणी, नोकरवर्ग या सगळ्यांत तो दिसतो. आणि कारखान्याने पुढे जे काही केलं, त्यातून हे घरही सुटलं नाही.

आधी थोडं घराण्याविषयी. फ्रीडरिश क्रुपने १८११ मध्ये एसेनला ओतीव पोलादाचा कारखाना काढला. त्या वेळी उत्तम ओतीव पोलाद इंग्लंडहून यायचं आणि नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे ते मिळेनासं झालं होतं. फ्रीडरिशला पोलाद जमलं, धंदा जमला नाही. १८२६ मध्ये तो वारला तेव्हा मागे कर्ज, मूठभर कामगार आणि चौदा वर्षांचा मुलगा आल्फ्रेड राहिला. या मुलाने शाळा सोडून आईच्या आणि आत्याच्या मदतीने भट्टी पुन्हा पेटवली. १८३८-३९ मध्ये तो इंग्लंडात गेला, तिथले कारखाने पाहता यावेत म्हणून नाव बदलून राहिला. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने सुमारे दोन टन वजनाचा पोलादाचा एकसंध ठोकळा मांडला आणि जाणकारांनी तोंडात बोटं घातली. पुढच्या दोन-तीन वर्षांत रेल्वेच्या चाकांवर चढवायची, सांधा नसलेली पोलादी धाव त्याने तयार केली. युरोप-अमेरिकेत लोहमार्ग वाढत होते, सांध्यावर तुटणाऱ्या धावांमुळे अपघात होत होते, त्यामुळे मागणी इतकी आली की खरा पैसा तिथूनच उभा राहिला. एकमेकांत गुंतलेल्या तीन धावा म्हणजे कंपनीचं बोधचिन्ह. ते १८७५ मध्ये नोंदवलं गेलं. क्रुप म्हटलं की लोकांना तोफा आठवतात, पण बोधचिन्हात तोफ नाही, चाक आहे.

या सगळ्या काळात आल्फ्रेड क्रुप राहत होता कारखान्याच्या आवारातच. १८५३ मध्ये त्याचं बेर्टा आइशहोफशी लग्न झालं, १८५४ मध्ये मुलगा झाला, आणि कुटुंबासाठी १८६१ मध्ये त्याने कारखान्याच्या हद्दीतच बागेसकट एक घर बांधलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कारखान्यात वाफेवर चालणारा एक प्रचंड घण सुरू झाला. त्याचं वजन सुरुवातीला ३० टन, पुढे ५० टन, लाडाचं नाव ‘फ्रिट्झ’. असा घण तेव्हा जगात दुसरा नव्हता. तो पडला की आसपासची जमीन हादरायची, घरातली काचसामानं खुळखुळायची. बागेतल्या झाडांवर काजळी बसायची. पत्नीची प्रकृती नाजूक, ती बराच काळ हवापालटासाठी बाहेरगावीच असे. स्वतःच्याच कारखान्याने मालकाला घरातून उठवलं, असं म्हणायला हरकत नाही.

शहराच्या दक्षिणेला, रूर नदीच्या वरच्या अंगाला, ब्रेडेनायजवळ एक टेकडी होती. १८६४ च्या सुमारास क्रुपने तिथली एक जुनी शेतवाडी विकत घेतली, तिथलं घर डागडुजी करून राहण्याजोगं केलं आणि कुटुंब तिकडे हलवलं. मग आजूबाजूची जमीन तुकड्यातुकड्याने जोडत नेली. जर्मन भाषेत टेकडीला ह्यूगेल म्हणतात आणि जागेचं तेच नाव घराला चिकटलं. घराण्यातली माणसंही ‘टेकडीवर जातो’ असंच म्हणत.

नव्या घराचे पहिले आराखडे आल्फ्रेडने स्वतः काढले. तो शिकलेला वास्तुकार नव्हता, पण कारखान्यातली शेड कशी उभी राहते, तुळई किती वजन पेलते, भट्टीची उष्णता कुठून बाहेर काढायची हे त्याला नीट ठाऊक होतं. त्याच्या आराखड्यांना आकार द्यायला कारखान्याची बांधकाम कचेरी होती, बाहेरून बोलावलेले वास्तुकारही होते. मात्र ते फार टिकत नसत. क्रुपला हुकूम झेलणारा माणूस हवा असे आणि बाहेरच्या नामांकित वास्तुकाराला स्वतःचं मत असे. त्याने लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि पत्रांचा ढीग आजही जपून ठेवलेला आहे. दार कुठल्या बाजूला उघडावं इथपासून हवा कुठून घ्यावी इथपर्यंत त्यात सूचना आहेत.

त्याला दोन गोष्टींची धास्ती होती: आग आणि घरात शिरणारा गार वारा. आयुष्य भट्ट्यांपाशी गेलेल्या माणसाला आगीची भीती वाटावी यात नवल नाही. आग काय करते ते त्याने पाहिलं होतं. म्हणून घरात लाकूड शक्य तितकं टाळायचं ठरलं. सांगाडा लोखंडाचा, भिंती दगडाच्या. नव्या बांधकाम तंत्राची ही चुणूक त्या काळी रेल्वे स्थानकांत, बाजारपेठांच्या छतांत आणि प्रदर्शनाच्या दालनांत दिसे. श्रीमंतांच्या राहत्या घरात ती क्वचितच शिरली होती. शिवाय जिथे शिरली तिथेही गिलाव्याखाली लपवली जाई. ह्यूगेलमध्येही लोखंड उघडं दिसत नाही, पण त्या प्रशस्त दालनांच्या छताला मधे खांब लागत नाही ते त्याच्याच जोरावर.

हवेची व्यवस्था तर याहून मोठा उद्योग होता. प्रत्येक खोलीत शेकोटी पेटवण्याऐवजी तळघरात हवा तापवायची आणि भिंतींतल्या पोकळ्यांतून ती वरच्या खोल्यांत सोडायची, अशी ती योजना. खिडक्या उघडाव्या लागू नयेत, घरात ताजी हवा मात्र खेळती राहावी, हा हेतू. आज ज्याला आपण मध्यवर्ती वातानुकूलन म्हणतो त्याच दिशेचा हा प्रयत्न होता, आणि १८७० च्या सुमारास इतक्या मोठ्या घरात तो करणं हे धाडसच. प्रत्यक्षात ही व्यवस्था मालकाला हवी तशी कधीच चालली नाही. हिवाळ्यात खोल्या गार, उन्हाळ्यात कोंदट. आल्फ्रेडने मरेपर्यंत तिच्यात बदल करवून घेतले, तक्रारी लिहिल्या, पुन्हा बदल करवले. कारखान्यात एखादं यंत्र नीट चाललं नाही तर तो जसा हात धुऊन मागे लागे, तसाच इथेही लागला.

पाण्यासाठी इस्टेटीचं स्वतःचं जलकेंद्र होतं, दिव्यांसाठी स्वतःचा गॅस कारखाना. शहराच्या नळावर किंवा दिव्यावर विसंबायचं नाही, हाच नियम तो आपल्या कारखान्यातही पाळत होता. कोळसा आपल्या खाणीतला, लोहखनिज आपल्या खाणीतलं, वाहतुकीला आपली जहाजं, ही त्याच्या कंपनीची रीत. ह्यूगेल ही तिचीच घरगुती आवृत्ती.

बांधकाम १८७० च्या वसंतात सुरू झालं आणि जुलैमध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं. घरासाठी लागणारा चुनखडीचा दगड यायचा होता फ्रान्समधूनच. कामगारांना सैन्यात बोलावणी आली. तिकडे क्रुपच्या पोलादी तोफा फ्रेंचांच्या काशाच्या तोफांपेक्षा लांब मारा करत होत्या आणि त्या युद्धाने त्याला ‘तोफांचा राजा’ ही ख्याती मिळवून दिली. म्हणजे एकाच मालकाचं पोलाद फ्रान्सवर पडत होतं आणि त्याच मालकाला त्याच देशातला दगड घरासाठी हवा होता. काम रेंगाळलं, पण थांबलं नाही. जमिनीखाली कोळशाच्या खाणी असलेल्या त्या पट्ट्यात जमीन खचण्याची भीती कायमची, त्यामुळे पाया हा विषयही काळजीचा होता.

बागेची हकिकत मला या घराच्या सगळ्या गोष्टींत बोलकी वाटते. टेकडी बरीचशी उघडी होती. आल्फ्रेड तेव्हा साठीला आलेला. रोपं लावून ती वाढायची वाट पाहण्याइतका वेळ आपल्यापाशी नाही, हे त्याला कळत होतं. मग त्याने वाढलेली झाडं मुळांसकट उपटून आणवली आणि टेकडीवर नेऊन लावली. पोलादाचे ठोकळे हलवणाऱ्या माणसाला झाड हलवणं अवघड वाटलं नसावं. आज उद्यान २८ हेक्टरांचं आहे आणि तिथले जुने वृक्ष पाहताना ते जणू पहिल्यापासून तिथेच होते असं वाटतं.

१० जानेवारी १८७३ रोजी कुटुंब नव्या घरात राहायला आलं. मोठं घर कुटुंबासाठी आणि समारंभांसाठी, शेजारचं छोटं घर पाहुण्यांसाठी, आणि दोन्हींना जोडणारा एक भाग. दोन्ही मिळून २६९ खोल्या, क्षेत्रफळ सुमारे ८,१०० चौरस मीटर. मोठ्या घराच्या मध्यावर एकावर एक अशी दोन अवाढव्य दालनं. छताच्या मधोमध उंचावलेला भाग लांबूनही ओळखू येतो. राहणारी माणसं मोजली तर नवरा, बायको आणि एक मुलगा. बाकी सारं पाहुण्यांसाठी. रशिया, तुर्कस्तान, चीन, दक्षिण अमेरिका अशा साऱ्या दिशांनी गिऱ्हाइकं यायची, आणि ती साधी गिऱ्हाइकं नव्हती; राजे, युद्धमंत्री, सेनापती होते. १८९६ मध्ये चीनचे मुत्सद्दी ली होंगझांग इथे येऊन गेले. जर्मन सम्राट विल्हेल्म पहिला आणि दुसरा दोघांचीही इथे ये-जा होती. तोफा विकत घेणाऱ्याला तोफा बनवणारा किती भक्कम आहे हे दाखवायची ही जागा होती. म्हणूनच बाहेरून ती फार नटलेली नाही. नटवेपणाने सौदा होत नाही, भरवसा वाटल्यावर होतो, हे क्रुपला पक्कं माहीत होतं.

घर बांधून होत असतानाच, सप्टेंबर १८७२ मध्ये, आल्फ्रेडने कंपनीची सर्वसाधारण नियमावली जारी केली. ७२ कलमांच्या या नियमावलीत कुणाचं काम काय, कुणाला कुणाचं ऐकायचं, कामगारांशी कसं वागायचं, त्यांची घरं, आजारपण, म्हातारपण यांची काळजी कशी घ्यायची, सगळं लिहिलेलं होतं. कंपनीला स्वतःचा कायदा लिहून देणारा माणूस आपल्या घराचा दरवाजाही नियमाने उघडेल, बंद करेल, हे ओघाने आलंच. याच काळात त्याने एसेनमध्ये कामगारांच्या वसाहती झपाट्याने उठवल्या: बाउमहोफ, शेडरहोफ, क्रोनेनबेर्ग. घरभाडं वाजवी, दुकानं कंपनीची, शाळा कंपनीच्या. बदल्यात निष्ठा हवी. कारखान्यात ‘राजकारण’ नको, संघटना नको, समाजवाद्यांचं वर्तमानपत्र नको. नियम मोडला तर नोकरीबरोबर घरही जायचं. व्हिला ह्यूगेल आणि क्रोनेनबेर्गच्या चाळी एकाच विचारातून, एकाच वर्षांत उभ्या राहिल्या. यादीतल्या संरक्षित वास्तूंचं वर्णन करणारे व्हिलावर दहा पानं लिहितात आणि चाळींवर अर्धं, हे मला खटकतं. क्रोनेनबेर्ग आता उरलेलं नाही, त्यामुळे तर त्याच्यावर जास्त लिहायला हवं.

घरभरणीच्या वर्षीच व्हिएन्नातून आर्थिक कोसळणीला सुरुवात झाली. युद्धखंडणीच्या जोरावर फुगलेल्या कंपन्या फुटल्या. क्रुपनेही याच तेजीत खाणी आणि कारखाने भरमसाट विकत घेतले होते. १८७४ मध्ये त्याला बँकांच्या समूहाकडून ३ कोटी मार्कांचं कर्ज काढावं लागलं आणि आयुष्यभर ज्या सावकारांना दारात उभं केलं नाही, त्यांचा माणूस कारखान्याच्या हिशेबावर नजर ठेवायला बसला. टेकडीवरचं ते घर तेव्हा नवंकोरं होतं.

घरातही सुख नव्हतं. १८८२ मध्ये मुलगा फ्रीडरिश आल्फ्रेडच्या लग्नावरून नवरा-बायकोत बिनसलं आणि बेर्टा घर सोडून गेली. परत आली नाही. १४ जुलै १८८७ रोजी आल्फ्रेड ह्यूगेलमध्ये वारला. भट्टीपाशी मूठभर माणसं घेऊन सुरुवात केलेल्या या माणसाकडे तेव्हा सुमारे २०,००० कामगार होते.

मुलगा फ्रीडरिश आल्फ्रेड आणि सून मार्गारेटे यांनी या घराला माणसांत आणलं. आल्फ्रेडला चित्रं, नक्षीकाम, जडावाचं सामान यांची आवड नव्हती. भिंती बऱ्याचशा कोऱ्याच होत्या. नव्या पिढीने लाकडी तक्तपोशी केली, चित्रं लावली, पुस्तकं आणली. १८९० मध्ये टेकडीच्या पायथ्याशी रेल्वे स्थानक झालं, ते आजही ‘एसेन-ह्यूगेल’ नावाने चालू आहे. नोकरवर्गासाठी ब्रांडेनबुश ही वेगळी वसाहत बांधली गेली. ती गरजेचीच होती. १८७६ मध्ये इस्टेटीवर ६६ माणसं कामाला होती. १९०२ मध्ये ती ५७० झाली आणि पहिलं महायुद्ध सुरू होताना ६४८. माळी, सईस, स्वयंपाकी, धोबी, अग्निशामक, दिवे बघणारे, हिशेबनीस. सहाशे माणसांचा हा व्यवस्थापनाचा पसारा म्हणजे कंपनीचा एक विभागच होता.

१९०२ च्या नोव्हेंबरात समाजवादी पक्षाच्या ‘फोरवेर्ट्स’ या वर्तमानपत्राने फ्रीडरिश आल्फ्रेडच्या काप्री बेटावरच्या खासगी आयुष्यावर लिहिलं. समलिंगी संबंध तेव्हा जर्मनीत गुन्हा होता. आठवड्याभरात, २२ नोव्हेंबरला, तो ह्यूगेलमध्ये मेला. खुद्द सम्राट विल्हेल्म दुसरा एसेनला अंत्ययात्रेत चालला आणि त्याने समाजवाद्यांवर जाहीरपणे आगपाखड केली. मुलगा नव्हता. कारखाना सोळा वर्षांच्या बेर्टाच्या नावावर आला, कारभार आई मार्गारेटेने पाहिला. १५ ऑक्टोबर १९०६ रोजी ह्यूगेलमध्ये बेर्टाचं लग्न गुस्टाफ फोन बोलेन उंड हाल्बाख या मुत्सद्द्याशी झालं. सम्राट हजर होता, आणि कारखान्याचा मालक असेपर्यंत नवऱ्याने क्रुप आडनाव लावावं अशी परवानगी त्याने दिली. त्याच लग्नाच्या निमित्ताने मार्गारेटेने एक देणगी दिली, त्यातून वास्तुकार गेओर्ग मेट्सेनडोर्फने एसेनमध्ये मार्गारेटेनह्योहे ही उद्यान-वसाहत वसवली. लहान घरं, मागे परसबाग, वळणदार रस्ते. माझ्या मते क्रुप घराण्याने मागे ठेवलेल्या वास्तूंत सर्वांत सुंदर हीच आहे, ह्यूगेल नव्हे.

ह्यूगेल आतून आज जसं दिसतं ते बरंचसं याच पिढीचं, १९१२ ते १९१५ दरम्यानचं. भिंतींवर जुनी फ्लेमिश भित्तिवस्त्रं चढली, दालनांना गडद लाकडाचं वेष्टण आलं, सम्राटांची आणि घराण्याची मोठमोठी चित्रं लागली. १९१२ मध्ये कंपनीची शताब्दी साजरी झाली. ऑगस्टमध्ये सम्राट आला. मध्ययुगीन वेशातल्या सरदारांच्या द्वंद्वाचा खेळ करायची जय्यत तयारी झाली होती, पण त्याच दिवशी बोखुमजवळच्या लोथरिंगेन खाणीत स्फोट होऊन शंभरावर खाणकामगार दगावले आणि खेळ रद्द झाला. दोन वर्षांनी युद्ध आलं. क्रुपच्या ४२ सेंटिमीटरच्या अवजड तोफेला सैनिकांनी नाव दिलं ‘जाडी बेर्टा’.

पुढच्या काळावरून घाईने जाता येत नाही, गेलं तर घराचा अर्थच बदलतो. १९३३ नंतर गुस्टाफ क्रुप हिटलरसाठी उद्योगपतींकडून निधी गोळा करणाऱ्या ‘आडोल्फ हिटलर निधी’चा प्रमुख झाला. ह्याच वर्षी खाली रूर नदीवरचं धरण पुरं झालं आणि बाल्डेनाय तलाव तयार झाला. आज घरासमोर दिसणारं ते निवांत पाणी मूळ घराचा भाग नाही. हिटलर एसेनला येऊन गेला, १९३७ मध्ये मुसोलिनीलाही क्रुपचे कारखाने दाखवायला आणलं. १२ नोव्हेंबर १९४३ रोजी हिटलरने खास या घराण्यासाठी हुकूम काढला: कंपनी अखंड राहील, एकाच वारसाकडे जाईल, वारसाकर भरावा लागणार नाही. गुस्टाफचा थोरला मुलगा आल्फ्रीड एकटा मालक झाला. (आजोबांचे वडील आल्फ्रेड, हा आल्फ्रीड. नावं सारखी वाटतात म्हणून सांगितलं.)

युद्धात क्रुपच्या कारखान्यांत सुमारे एक लाख वेठबिगार राबले. पूर्व युरोपातून पकडून आणलेले नागरिक, युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी. ऑगस्ट १९४४ मध्ये बुखेनवाल्ड छावणीच्या अखत्यारीतल्या ५२० ज्यू स्त्रिया एसेनच्या हुम्बोल्टश्ट्रासं छावणीत आणल्या गेल्या. बॉम्बफेकीत छावणी जळाली, तरी त्यांना थंडीत, फाटक्या कपड्यांत, कारखान्यापर्यंत चालत नेलं जाई. मार्च १९४३ पासून एसेन बॉम्बखाली भाजून निघालं. कारखाना आणि जुनं शहर उद्ध्वस्त झालं. शहरापासून लांब असलेल्या टेकडीवरचं घर जवळपास जसंच्या तसं राहिलं.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैनिकांनी ह्यूगेलमध्ये शिरून आल्फ्रीड क्रुपला अटक केली. घराची घर म्हणून गोष्ट तिथे संपते. धरली तर बहात्तर वर्षं. पुढे दोस्तांच्या कोळसा नियंत्रण यंत्रणेची कचेरी इथे बसली आणि रूरच्या खाणींचा कोळसा कुणाला किती जायचा हे क्रुपच्या दिवाणखान्यांत ठरू लागलं. न्यूरेंबर्गला डिसेंबर १९४७ ते जुलै १९४८ असा क्रुप खटला चालला. वेठबिगारी आणि व्याप्त प्रदेशांतल्या लुटीबद्दल आल्फ्रीडला बारा वर्षं कैद आणि संपत्ती जप्तीची शिक्षा झाली. शीतयुद्ध तापलं, कोरियात लढाई सुरू झाली, पश्चिमेला जर्मन पोलाद हवंसं वाटू लागलं. फेब्रुवारी १९५१ मध्ये तो सुटला आणि संपत्तीही परत मिळाली. ज्यांनी युद्धाची वर्षं छावणीत काढली त्यांच्या नुकसानीचा हिशेब इतक्या लवकर झाला नाही.

१९५२ मध्ये घर कुटुंबाकडे परत आलं, पण कुणी तिथे राहायला गेलं नाही. १९५३ पासून ते लोकांसाठी उघडलं गेलं, कलाप्रदर्शनं भरू लागली. त्याच वर्षी बेर्टोल्ड बाइट्स कंपनीत आला. युद्धकाळात पोलंडमध्ये त्याने शेकडो ज्यूंना वाचवलं होतं. आल्फ्रीडने नेमका हाच माणूस आपला मुख्य कारभारी म्हणून निवडला. आल्फ्रीडचा मुलगा आर्न्ट याने १९६६ मध्ये वारसाहक्क सोडला, जुलै १९६७ मध्ये आल्फ्रीड वारला आणि १ जानेवारी १९६८ पासून सारी मालमत्ता त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे गेली. व्हिला ह्यूगेलही तेव्हापासून प्रतिष्ठानाची आहे.

याच दशकांत आपल्याकडेही या नावाची ओळख झाली. ओडिशातला राउरकेलाचा पोलाद कारखाना उभारणाऱ्या जर्मन समूहात क्रुप होती. पिंपरीत साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवणारी ‘बकाऊ वुल्फ’ पुढे ‘क्रुप’ झाली, हे पुणे परिसरातल्या कारखानदारीत वावरलेल्यांना ठाऊक असेल.

प्रदर्शनांमुळे ह्यूगेलचं नाव पुन्हा युरोपभर झालं. १९८४ मध्ये कुल्टुरश्टिफ्टुंग रूर ही सांस्कृतिक संस्था स्थापन झाली. १९८६ मध्ये ड्रेस्डेनच्या बरोक कलेचं प्रदर्शन भरलं तेव्हा जर्मनी अजून दुभंगलेलीच होती आणि पूर्वेकडच्या कलाकृती पश्चिमेत मांडल्या जात होत्या. पाठोपाठ १६०० च्या सुमारासचं प्राग, १८०० च्या सुमारासचं सेंट पीटर्सबर्ग. आणि याच काळात, १९८७ च्या डिसेंबरात, वेगळेच लोक दारात आले. राइनहाउझेनचा पोलाद कारखाना बंद करायचं कंपनीने ठरवलं होतं. संचालक मंडळाची बैठक ह्यूगेलमध्ये चालू असताना कामगार फाटक ओलांडून आत शिरले. ज्या घरात राजे आणि मंत्री घोडागाडीतून उतरत, तिथल्या दालनांत कामगारांचा मोर्चा घुसला. एकोणिसाव्या शतकातल्या त्या नियमावलीत याला कलम नव्हतं. राइनहाउझेन १९९३ मध्ये बंद झालंच.

एसेन ज्या राज्यात आहे त्या नॉर्थ राइन-वेस्टफेलियाचा स्मारक संरक्षण कायदा मुळात १९८० चा, २०२२ मध्ये तो नव्याने झाला. त्याखाली ह्यूगेल संरक्षित आहे, आणि संरक्षण फक्त दर्शनी भिंतीला नाही, इस्टेटीच्या रचनेलाही आहे. हे योग्यच. मात्र अशा वास्तूचं जतन दगड-लोखंडावर थांबत नाही. १९०५ मध्ये सुरू झालेला क्रुपचा ऐतिहासिक दप्तरखाना इथेच आहे. जर्मनीतला हा कंपनीचा पहिलाच असा दप्तरखाना. आल्फ्रेडच्या चिठ्ठ्यांपासून छायाचित्रांच्या प्रचंड संग्रहापर्यंत सारं त्यात आहे. छोट्या घरात कंपनीच्या इतिहासाचं कायम प्रदर्शन आहे. बहुतेक लोक आधी मोठ्या घरात जातात, भित्तिवस्त्रं पाहतात, आणि वेळ उरला तर छोट्या घराकडे वळतात. मी उलट सांगेन. आधी छोटं घर पाहावं, कारखाना, वसाहती आणि छावण्या तिथे समजून घ्याव्यात, आणि मग मोठ्या दालनांत जाऊन वर छताकडे पाहावं.